स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसाठी रुग्णवाहिका बोलवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया होता. त्यांतील अनेकांच्या घरी कधी ना कधी रुग्णवाहिका बोलवण्याची वेळ येते. अशा वेळी रुग्णाला स्वतःचा त्रास नीट सांगता येत नाही, घरची मंडळी घाबरलेली असतात आणि दारात आलेल्या पथकाला हा माणूस काल कसा होता याची काहीच कल्पना नसते. पुढील उत्तरे घरच्यांसाठी आणि रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांसाठी, अशी दोघांसाठीही आहेत. प्रत्यक्ष रुग्ण समोर असताना मात्र आपल्या सेवेची नियमावली आणि डॉक्टरांचा सल्लाच प्रमाण मानावा.

रुग्णवाहिका नेमकी केव्हा बोलवावी?

छातीत दुखणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे, फिट येणे, चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, न थांबणारा रक्तस्राव, डोक्याला मार लागणे, ही कारणे इतर कोणाही रुग्णाप्रमाणेच इथेही लागू होतात. स्मृतिभ्रंश आहे म्हणून त्यांची निकड तसूभरही कमी होत नाही. त्यांत आणखी एका कारणाची भर घालावी लागते, ते म्हणजे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झालेला ठळक बदल. काल हातात काठी घेऊन चालणारी व्यक्ती आज उभीच राहत नसेल, एरवी जेवणाची आठवण करून देणारी व्यक्ती आज घोटभर पाणीही घेत नसेल, किंवा दिवसभर गुंगीत पडून राहत असेल, तर वाट पाहत बसू नये.

महिनोन्महिने हळूहळू वाढत गेलेला विसराळूपणा, रात्रीची जागरणे, तेच तेच प्रश्न विचारणे यांसाठी नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. त्यासाठी रुग्णवाहिकेची गरज नसते. शंका असेल तर मात्र फोन करावा, कारण निर्णय घेण्याचे ओझे एकट्या घरच्यांनी वाहावे अशी अपेक्षा कोणतीही आपत्कालीन सेवा करत नाही.

अचानक वाढलेला गोंधळ हा मूळ आजाराचाच भाग नसतो का?

सहसा नसतो, आणि या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे. अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार असून एकूण रुग्णांपैकी ६० ते ७० टक्के रुग्ण त्याचे असतात. तो वर्षानुवर्षे सावकाश पुढे सरकतो. एका रात्रीत माणूस बदलला, तर बदलामागे दुसरे काहीतरी असते, आणि त्या स्थितीला डिलिरियम किंवा तीव्र संभ्रमावस्था म्हणतात. डिलिरियममध्ये लक्ष टिकत नाही, दिवसभरात स्थिती कमीजास्त होत राहते, नसलेल्या गोष्टी दिसतात किंवा माणूस झोपाळलेला राहतो. स्मृतिभ्रंश हा डिलिरियम होण्याचा मोठा धोका निर्माण करणारा घटक आहे, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी असणे अगदी नेहमीचे असते.

त्याची कारणे शोधली तर बहुतेक वेळा सापडतात आणि त्यांतील अनेक बरी करता येतात : छातीतील किंवा लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातील पाणी कमी होणे, रक्तातील साखर उतरणे किंवा फार चढणे, प्राणवायू कमी पडणे, तुंबलेली लघवी, अनेक दिवस साचलेला मळ, न सांगितलेली वेदना, नुकतेच सुरू केलेले किंवा अचानक बंद केलेले औषध. लघवी तुंबली आहे एवढ्याच कारणाने एखादी शांत व्यक्ती रात्रभर आरडाओरडा करू शकते, आणि ती मोकळी होताच पुन्हा शांत होते. पथकाने म्हणूनच ग्लुकोमीटरने साखर तपासणे, प्राणवायूची पातळी, ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वासाचा वेग मोजणे, ओटीपोटावर हात ठेवून पाहणे आणि शक्य असेल तेथे ईसीजी काढणे, हे कधीही टाळू नये. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर गोंधळाचे उत्तर तिथेच मिळण्याची शक्यता असते. वयोवृद्धांत मोठा संसर्ग असतानाही ताप नसू शकतो, हे लक्षात ठेवावे.

इथे एक इशारा द्यायला हवा. वृद्ध व्यक्ती गोंधळली की ‘लघवीत इन्फेक्शन असेल’ असे म्हणून मोकळे होण्याची सवय घरच्यांना, पथकांना आणि कधीकधी डॉक्टरांनाही लागलेली असते. उतारवयात कोणताही त्रास नसताना लघवीत जंतू सापडणे सामान्य आहे. त्यामुळे हे निदान हाताशी आले म्हणून बाकीचा शोध थांबवू नये.

गप्प आणि झोपाळलेला रुग्ण हा ओरडणाऱ्या रुग्णापेक्षा बरा असतो का?

नाही. डिलिरियमचा शांत प्रकार अधिक वेळा नजरेतून सुटतो आणि त्याचा परिणामही बऱ्याचदा अधिक वाईट असतो. कोणाला त्रास न देता पडून राहिलेल्या व्यक्तीबद्दल ‘आज जरा शांत आहेत’ असे कौतुकाने सांगितले जाते, तेव्हा पथकाने कान टवकारावेत.

अनेक ठिकाणी वापरली जाणारी ‘४एटी’ ही छोटी चाचणी इथे उपयोगी पडते. तिच्यात रुग्णाची जागृतावस्था पाहतात, वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारतात, महिन्यांची नावे उलट क्रमाने म्हणायला सांगतात आणि अलीकडे अचानक बदल झाला आहे का ते पाहतात. ४ किंवा अधिक गुण आल्यास डिलिरियमची शक्यता धरतात. स्मृतिभ्रंश असलेल्याला महिने उलटे म्हणता येणार नाहीत हे उघड आहे. पण जागृतावस्थेतील स्पष्ट बिघाड किंवा अचानक झालेला बदल यांपैकी कोणत्याही एकालाच पूर्ण ४ गुण असतात. तो बदल झाला आहे की नाही हे रुग्णाला पाहून कळत नाही, ते घरच्या माणसाकडूनच कळते.

फोनवर काय सांगावे?

पत्ता, खूण आणि काय झाले हे आधी सांगावे. त्यानंतर लगेच ‘रुग्णाला स्मृतिभ्रंश आहे, पण आजची स्थिती नेहमीपेक्षा वेगळी आहे’ हे वाक्य स्पष्टपणे उच्चारावे आणि वेगळे काय आहे ते एका वाक्यात सांगावे. नुसते ‘गोंधळले आहेत’ असे सांगितल्यास पलीकडच्या व्यक्तीचा असा समज होऊ शकतो की ते नेहमीच तसे असतात. रुग्ण अनोळखी माणसांना घाबरत असेल, ऐकू कमी येत असेल किंवा दुसरीच भाषा बोलत असेल, तर तेही आधीच कळवावे.

पथक येईपर्यंत घरच्यांनी काय करावे?

खोलीतील गर्दी कमी करावी, दूरदर्शन बंद करावा, पुरेसा उजेड ठेवावा आणि रुग्णाला सर्वांत ओळखीच्या अशा एकाच माणसाने जवळ बसून बोलावे. पडलेल्या व्यक्तीला ओढून उभे करू नये. गुंगीत असलेल्या किंवा गिळताना ठसका लागणाऱ्या व्यक्तीच्या तोंडात पाणी, साखर, गोळी असे काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. घरात दुसरे कोणी असेल तर त्याने एवढ्या वेळात सर्व औषधे, जुने वैद्यकीय कागद आणि चष्मा-कवळी एका पिशवीत भरावी आणि दार उघडे ठेवावे.

पथकाने रुग्णाशी पहिल्यांदा बोलताना काय पाळावे?

चार अनोळखी माणसे गणवेशात, जड पिशव्या घेऊन एकदम खोलीत शिरली तर निरोगी माणूसही दचकेल. म्हणून शक्य असेल तेव्हा एकानेच पुढे व्हावे, मागून किंवा बाजूने न येता समोरून यावे, रुग्ण बसला असेल तर त्याच्या नजरेच्या पातळीवर यावे आणि नाव घेऊन बोलावे. कोणत्या हाकेला ही व्यक्ती ओ देते, हे आधी घरच्यांना विचारून घ्यावे. अनेक वृद्ध स्वतःला मनाने तिशी-पस्तिशीतले समजत असतात आणि अनोळखी तरुणाने ‘आजी’ म्हटलेले त्यांना आपल्याला उद्देशून आहे असे वाटतच नाही.

एका वेळी एकच गोष्ट विचारावी आणि उत्तरासाठी खरोखर थांबावे. दहा सेकंदांची शांतता घाईतल्या माणसाला फार मोठी वाटते, पण प्रश्न समजून घेऊन शब्द जुळवायला रुग्णाला तेवढा वेळ लागतो. थांबण्याऐवजी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला की त्याला सगळे नव्याने सुरू करावे लागते. ‘तुम्हाला कुठे दुखते आणि कधीपासून, आणि आधी असे झाले होते का?’ या एका वाक्यात तीन प्रश्न आहेत; त्यांऐवजी पोटाकडे बोट दाखवून ‘इथे दुखते का?’ एवढेच विचारावे. नाडी पाहण्याआधी हात पुढे करून दाखवावा, रक्तदाबाचा पट्टा बांधण्याआधी तो रुग्णाच्या हातात द्यावा, आणि पट्टा आवळेल हे आधी सांगावे. त्रास देणाऱ्या तपासण्या शेवटी ठेवाव्यात.

रुग्ण ‘आई माझी वाट पाहत असेल’ असे म्हणाला तर ‘तुमची आई जाऊन तीस वर्षे झाली’ असे सांगण्यात सत्य असले तरी उपयोग नाही. त्याच्यासाठी ती बातमी त्या क्षणी नवी असते आणि दुःखही नवेच असते. खोटे बोलण्याचीही गरज नाही. ‘आईची आठवण येते आहे का? कशा होत्या त्या?’ असे विचारत विचारत हाताला सलाइन लावता येते.

नातेवाइकांशी बोलताना रुग्णाच्या डोक्यावरून, तो तेथे नाहीच असे समजून बोलू नये. शब्द हरवले तरी आवाजातील चढउतार आणि चेहऱ्यावरचे भाव बराच काळ समजत राहतात.

‘दुखते का?’ असे विचारले तर ‘नाही’ म्हणतात. मग वेदना कशी ओळखावी?

शब्दांवर विसंबू नये आणि शब्द टाकूनही देऊ नयेत. सौम्य किंवा मध्यम टप्प्यातील अनेकांना साधा प्रश्न विचारल्यास वेदना सांगता येते, म्हणून आधी विचारावे. त्यानंतर निरीक्षण करावे. यासाठी ‘पेनॅड’ नावाची मापनपट्टी आहे. श्वासोच्छ्वास, कण्हणे किंवा ओरडणे, चेहऱ्यावरील भाव, शरीराची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होणे, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ असे गुण देऊन एकूण १० पैकी मोजमाप करतात. रुग्ण निवांत असताना आणि हलवताना अशा दोन्ही वेळी पाहावे, कारण स्थिर पडलेल्या माणसाची मोडलेली हाडे गप्प असतात.

वेदनाशामक देताना हात आखडता घेण्याची प्रवृत्ती खरी आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांची तुलना केली होती. प्रगत स्मृतिभ्रंश असलेल्यांना इतरांच्या सुमारे एक-तृतीयांश इतकेच मॉर्फिनसारखे औषध मिळाले होते. हाड दोघांचेही सारखेच मोडले होते. औषधाने गोंधळ वाढेल ही भीती अनाठायी नाही, पण न शमवलेली वेदना हेसुद्धा डिलिरियमचे मोठे कारण आहे. कमी मात्रेपासून सुरुवात करून, परिणाम पाहत, आपल्या नियमावलीनुसार वाढवत जाणे हाच योग्य मार्ग आहे.

पडल्यानंतर उठून चालू लागले, तरी तपासायला हवे का?

होय. खुब्याच्या हाडाची मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसली असतील तर माणूस काही पावले चालू शकतो, आणि दुखणे खुब्याऐवजी गुडघ्यात जाणवू शकते. पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला तर शंका पक्की होते, पण तसा न दिसणे म्हणजे हाड शाबूत असल्याची खात्री नव्हे.

डोक्याला मार लागला असेल तर अधिक सावध राहावे. वयाने आणि आजाराने मेंदू आकसलेला असतो, त्यामुळे कवटी आणि मेंदू यांच्यामधील शिरा ताणल्या जाऊन लहानशा धक्क्यानेही फाटू शकतात. तेथे साचणारे रक्त कधीकधी काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी त्रास देऊ लागते. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ही बाब पथकाला पहिल्या वाक्यातच सांगावी.

किती वेळ जमिनीवर पडून होते, हेही महत्त्वाचे असते. तासाभराहून अधिक वेळ एकाच जागी पडून राहिल्यास स्नायूंचे विघटन होऊन मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो, त्वचेवर दाबाच्या जखमा होतात आणि अंग गार पडते. रुग्णाने ‘आत्ताच पडलो’ असे सांगितले तर त्यावर विसंबू नये. अंथरूण वापरलेले आहे का, सकाळच्या गोळ्या घेतल्या आहेत का, दिवा चालू राहिला आहे का, यावरून वेळेचा अंदाज बांधावा. आणि पडण्याचे कारणही शोधावे, कारण अडखळून पडणे आणि चक्कर येऊन पडणे यांत फार अंतर आहे.

पक्षाघाताची शंका आल्यास स्मृतिभ्रंशामुळे काय बदलते?

चेहरा, हात आणि बोलणे पाहण्याची नेहमीची पद्धत वापरावी, पण ‘हसून दाखवा’ ही सूचना समजली नाही तर स्वतः हसून दाखवावे आणि हात वर करून दाखवावेत. बोलणे आधीपासूनच तुटक असेल तर आज ते अधिक बिघडले आहे का, हे घरच्यांना विचारावे. शेवटचे व्यवस्थित कधी पाहिले होते ती वेळ लिहून घ्यावी. गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि निवडक रुग्णांत गुठळी काढण्याची प्रक्रिया २४ तासांपर्यंत करता येते, त्यामुळे ती वेळ उपचाराची दिशा ठरवते.

कोणत्या औषधांची माहिती पथकाला आवर्जून द्यावी?

रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची औषधे यांचा उल्लेख आधी येतोच. त्यांच्या जोडीने स्मृतिभ्रंशासाठी दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन या औषधांचीही नावे सांगावीत, कारण त्यांमुळे हृदयाचे ठोके मंदावून भोवळ येऊ शकते. रिव्हास्टिग्मिन त्वचेवर चिकटवण्याच्या पट्टीच्या रूपातही मिळते. जुनी पट्टी न काढता नवी लावत गेल्यास मात्रा वाढून उलट्या, घाम आणि अतिशय मंद नाडी अशी अवस्था येते. कारण सापडत नसलेल्या अशा रुग्णाची पाठ, खांदे आणि दंड कपडे बाजूला सारून पाहावेत. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती क्वचितच कोणाला सुचते.

सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ डायफेनहायड्रामिन, दुकानातून सहज आणल्या जातात आणि त्या गोंधळ वाढवतात. ‘औषधे कोणती चालू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचे नाव येत नाही. म्हणून ‘चिठ्ठीशिवाय काही आणले होते का?’ असे वेगळे विचारावे.

रुग्ण मारतो, चावतो, मास्क ओढून काढतो. त्याला बांधावे का किंवा गुंगीचे औषध द्यावे का?

आधी त्या वागण्याचा अर्थ लावावा. मास्क ओढणाऱ्या व्यक्तीला आपला श्वास कोणीतरी कोंडत आहे असे वाटत असते; तेथे नाकाला लावायची नळी बहुधा चालून जाते. हात झटकणाऱ्या व्यक्तीचा तोच हात मोडलेला असू शकतो. कपडे काढणाऱ्याला लघवीला जायचे असू शकते. दोन पावले मागे सरकणे, बोलणारा माणूस बदलणे, मुलीला किंवा पतीला पुढे करणे, हातात ओळखीची वस्तू देणे, पाच मिनिटे काहीही न करणे, हे उपाय साधे वाटतात, पण बळाच्या वापरापेक्षा बहुतेक वेळा कमी वेळात काम होते. जीव तत्काळ धोक्यात नसेल तर पाच मिनिटे थांबणे परवडते.

शारीरिक बंधन हा अखेरचा उपाय आहे. ते कमीत कमी बळाने, कमीत कमी वेळ आणि कायद्याने घालून दिलेल्या चौकटीतच वापरावे, आणि कारण लिहून ठेवावे. रुग्णाला पालथे पाडून धरणे किंवा छातीवर भार देणे कधीही करू नये. त्यातून गुदमरून मृत्यू होऊ शकतो. स्ट्रेचरचे सुरक्षा पट्टे हे बंधन नसून प्रवासातील संरक्षण आहे, परंतु रुग्णाला तो फरक दिसत नाही, म्हणून ते बांधताना समजावून सांगणे आवश्यक आहे.

औषधाबाबत एक धोका प्रत्येक पथकाला माहीत असायला हवा. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात हॅलोपेरिडॉलसारखी मनोविकारावरील औषधे दिल्यास शरीर ताठरणे, तीव्र गुंगी आणि प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो. उलटीवर सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइडही याच कारणाने अशा रुग्णांना आणि पार्किन्सनच्या रुग्णांना टाळतात. अंगाला कंप, अडखळती चाल, स्पष्ट दिसणारी माणसे किंवा प्राणी यांचे भास आणि दिवसागणिक कमीजास्त होणारी समज, असा इतिहास घरच्यांनी सांगितला तर निदानाचे नाव कागदावर नसले तरी हा प्रकार मनात धरावा. डायझेपामच्या गटातील औषधे तुलनेने निरुपद्रवी समजली जातात. प्रत्यक्षात त्यांनी अस्वस्थता उलट वाढू शकते, श्वास मंदावू शकतो आणि रुग्ण पडू शकतो.

रुग्ण ‘मला यायचे नाही’ म्हणतो. त्याचे ऐकावे का?

स्मृतिभ्रंशाचे निदान झाले म्हणजे निर्णयाचा अधिकार संपला, असे नसते. निर्णयक्षमता ही त्या विशिष्ट निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती तपासायची असते. दिलेली माहिती समजते का, निर्णय घेण्याइतका वेळ ती लक्षात राहते का, तिचे फायदे-तोटे तोलता येतात का आणि निर्णय कोणत्याही मार्गाने कळवता येतो का, हे चार प्रश्न पाहावेत. चहा हवा की नको हे ठरवू शकणारी व्यक्ती हृदयविकाराच्या झटक्यावर उपचार नाकारण्याचे परिणाम तोलू शकेलच असे नाही. पण ती तोलू शकणार नाही हेही गृहीत धरता येत नाही. समजावण्यासाठी श्रवणयंत्र लावणे, साधे शब्द वापरणे, विश्वासातील माणसाला बोलू देणे, हे सर्व करून झाल्यावरच निष्कर्ष काढावा.

क्षमता नाही असे ठरले, तर त्या व्यक्तीच्या हिताचे काय याचा विचार होतो आणि त्यात तिची पूर्वीची मते, तिने आधी लिहून ठेवलेल्या सूचना आणि जवळच्या माणसांचे म्हणणे यांना वजन असते. कायद्याने कोणाची संमती ग्राह्य आहे हे देशोदेशी वेगळे असते. सर्वत्र लागू पडणारी गोष्ट एवढीच की नकाराच्या मागे अनेकदा एखादी छोटी, सोडवता येण्याजोगी काळजी असते : घराला कुलूप कोण लावेल, मांजराला कोण खाऊ घालेल, पायांत चपला नाहीत.

प्रत्येक वेळी रुग्णालयात नेलेच पाहिजे का?

नाही. अनोळखी आवाज, रात्रभर चालू असलेले दिवे, सतत बदलणारी माणसे आणि पलंगावर अडकून पडणे यांमुळे रुग्णालयातच डिलिरियम सुरू होतो किंवा वाढतो आणि चालण्याफिरण्याची ताकदही झपाट्याने कमी होते. त्यामुळे साध्या जखमेची मलमपट्टी, फॅमिली डॉक्टरांशी फोनवर बोलणे किंवा दुसऱ्या दिवशी घरी तपासणीची व्यवस्था एवढ्याने भागत असेल तर घरी ठेवणे हा पूर्ण विचाराअंती घेतलेला वैद्यकीय निर्णय असू शकतो. त्यासाठी तीन अटी आहेत : अचानक बदलाचे कारण कळलेले असावे, घरी पुढील चोवीस तास लक्ष ठेवणारे कोणी असावे आणि त्या व्यक्तीला ते झेपणारे असावे. तिसरी अट विचारायची राहून जाते. अनेक रात्री न झोपलेल्या पत्नीने ‘हो, बघते मी’ म्हटले तरी तिच्याकडे एकदा नीट पाहावे.

प्रवासात नातेवाइकाला आत बसू द्यावे का?

शक्य असेल तेव्हा द्यावे, आणि ते रुग्णाला दिसतील अशा जागी बसवावे. सायरन केवळ गरज असेल तेव्हाच वाजवावा. दिव्यांची उघडझाप, हेलकावे आणि पाठमोरे बसल्यासारखी दिशा यांनी रुग्ण घाबरतो. आपण कुठे चाललो आहोत हे दर थोड्या वेळाने, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे सांगावे. थंडी वाजत नाही ना, हेही विचारावे.

सोबत काय न्यावे?

चष्मा, श्रवणयंत्र आणि त्याच्या बॅटऱ्या, कवळी, चालण्याची काठी, सर्व औषधे मूळ वेष्टनासह आणि आधीचे कागद. ऐकू न येणारा आणि न दिसणारा माणूस कोणालाही गोंधळलेलाच वाटेल, म्हणून पहिल्या दोन वस्तू सर्वांत महत्त्वाच्या आहेत. एरवी शांतपणी एक पानभर माहिती लिहून ठेवली तर फारच उपयोग होतो. तीत निदान आणि औषधे असावीतच, पण त्याहून अधिक जागा रोजच्या जगण्याला द्यावी : कोणत्या नावाने हाक मारावी, किती चालता येते, काय खाता येते, वेदना झाल्यावर काय करतात, कशाने घाबरतात, कशाने शांत होतात. त्या पानावर तारीख घालावी आणि दर काही महिन्यांनी ते बदलावे.

रस्त्यात एकटी, हरवलेली व्यक्ती आढळली तर?

तिला आधी रुग्ण समजावे, मग हरवलेली. किती वेळ चालत होती हे कळत नसल्याने अंगातील पाण्याचे प्रमाण, शरीराचे तापमान, साखर, तळपाय आणि डोके तपासावे. खिसे, मनगटावरील पट्टी, कपड्याला शिवलेली चिठ्ठी पाहावी आणि पोलिसांना लगेच कळवावे. ब्रिटनमध्ये यासाठी ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ नावाचा अर्ज वापरतात. नॉर्मंडीच्या मोहिमेत लढलेले आणि स्मृतिभ्रंश झाल्यावर घराच्या शोधात निघाले असता मरण पावलेले जॉर्ज हर्बर्ट यांचे नाव त्याला दिले आहे. छायाचित्र, जुने पत्ते, पूर्वीचे कामाचे ठिकाण आणि नेहमीच्या जागा यांची माहिती घरचे आधीच भरून ठेवतात. असा अर्ज आपल्या भागात नसला तरी तीच माहिती एका कागदावर लिहून ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. अनेक जण जुन्या घराच्या किंवा जुन्या नोकरीच्या दिशेनेच निघालेले असतात.

आजार अखेरच्या टप्प्यात असेल तर?

हृदय बंद पडल्यास छातीवर दाब द्यावा की नाही, पुन्हा रुग्णालयात न्यावे की नाही, याबाबत डॉक्टरांशी चर्चा होऊन लेखी निर्णय झालेला असेल तर तो कागद घरात सहज सापडेल अशा जागी ठेवावा आणि दार उघडतानाच पथकाच्या हाती द्यावा. कागद नसेल तर पथकाला जीव वाचवण्याचे प्रयत्न सुरू करावेच लागतात आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. पुनरुज्जीवन नको, याचा अर्थ उपचार नको असा होत नाही; वेदना, धाप आणि अस्वस्थता यांवरील उपचार सुरूच राहतात आणि त्यासाठी रुग्णवाहिका बोलवणे अगदी योग्य आहे.

रुग्णालयात सोपवताना पथकाने काय सांगावे?

रुग्णवाहिकेतील माणसांनीच घर पाहिलेले असते. फ्रिज रिकामा होता का, गोळ्यांच्या डब्यात मागच्या आठवड्याच्या गोळ्या तशाच होत्या का, जिन्याला कठडा होता का, हे दुसऱ्या कोणालाही सांगता येणार नाही. ‘स्मृतिभ्रंशाचा रुग्ण, गोंधळलेला’ असे लिहिण्याऐवजी ‘परवापर्यंत स्वतः जेवत आणि घरात फिरत होते, काल सायंकाळपासून गुंगीत, उठता येत नाही, नीट लक्ष देत नाहीत’ असे लिहावे. पहिल्या नोंदीने रुग्ण रांगेत मागे जाऊ शकतो; दुसरीने तपासण्या सुरू होतात. वेदना कशी ओळखली, कोणत्या शब्दांनी शांत झाले आणि सोबतच्या वस्तू कोणाच्या ताब्यात दिल्या, याचीही नोंद करावी. कवळ्या आणि श्रवणयंत्रे सर्वाधिक याच टप्प्यावर गहाळ होतात.

घरी परतल्यावर ते पूर्वीसारखे होतील का?

डिलिरियमचे कारण दूर झाले तरी समज पूर्ववत व्हायला काही दिवस, कधी आठवडे, तर कधी महिनेही लागतात, आणि काही जण आधीच्या पातळीपर्यंत पोहोचत नाहीत. पहिल्या आठवड्यातील स्थितीवरून कायमचे निष्कर्ष काढू नयेत. ती आठवड्यागणिक लिहून ठेवावी, नवीन सुरू केलेली औषधे खरोखर पुढे चालू ठेवायची आहेत का हे डॉक्टरांना विचारावे, आणि एकदा डिलिरियम झालेल्या व्यक्तीला तो पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते हे ध्यानात घेऊन माहितीच्या पानावर ‘पूर्वी डिलिरियम झाला होता’ अशी ओळ कारणासह आणि तारखेसह लिहावी.